जलतरणपटू मुरलीकांत पेटकर

आमच्या परतूर तालुक्यात पोहणे म्हटले म्हणजे विहीर डोळ्यांपुढे येते. पाठीस रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून वडील भावाच्या हाकेसरशी उडी टाकावयाची, आणि काही दिवसांनी तो डबा सोडावयाचा, एवढेच आमच्या मुलांचे शिक्षण. त्यांत पाय मारणे हा पहिला धडा होय. ज्याचे पाय हालतच नाहीत त्याने पाण्यात उतरावे, हे कोणाच्या मनातही यावयाचे नाही.

मुरलीकांत पेटकर यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे १९४४ साली झाला. १९५२ च्या ऑलिंपिक सामन्यांत कुस्तीचे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव शेजारच्या कराड तालुक्यातले. तेव्हा तिकडील मुलांस आखाड्याचे वेड असावे यात नवल नाही. पेटकरही प्रथम कुस्ती खेळले. पुढे ते सैन्यात शिरले आणि सिकंदराबादेस, म्हणजे आमच्या स्टेशनावरून जाणारी आगगाडी जेथे पोहोचते त्याच शहरी, मुष्टियुद्ध खेळू लागले. १९६५ च्या युद्धात त्यांस गोळ्या लागल्या. एक पाठीच्या कण्यात रुतून राहिली व कमरेखालचे शरीर लुळे पडले. वय अवघे वीस वर्षांचे!

पाणी त्यांच्या आयुष्यात आले ते औषध म्हणून. पाण्यात देहाचा भार हलका होतो, यास्तव अशा रोग्यांस तेथे व्यायाम करावयास लावतात. योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दा तळ्याकाठचा रोगी अडतीस वर्षे दुखण्याने पडून होता, व त्यास पाण्यात सोडणारा कोणी नव्हता. पेटकरांस तशी माणसे लाभली.

परंतु व्यायाम निराळा आणि शर्यत निराळी. पोहताना पायांच्या हालचालीने देह पाण्याशी समांतर राहतो. पाय लुळे असले की ते खाली जातात, देह तिरपा होतो व पाण्याचा अडथळा वाढतो. मग सारे ओढकाम खांदे व दंड यांवर पडते. मुष्टियुद्धाने कमावलेले खांदे येथे उपयोगी पडले असावेत, असा आमचा तर्क आहे.

जखमी सैनिकांसाठी डॉक्टर गुटमान यांनी १९४८ साली इंग्लंडात जे सामने आरंभिले, त्यांतूनच पॅरालिंपिक सामने निघाले. १९७२ च्या ऑगस्टात ते जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरले. तेथे आपल्या गटातील पन्नास मीटरांची शर्यत पेटकरांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. तो जागतिक विक्रम ठरला, आणि पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक मिळण्यास आपणांस २००८ साल उजाडावे लागले.

एखाद्या मुलाचा पाय अधू असला म्हणजे पालकांची चिठ्ठी येते, की त्यास कवायतीतून वगळावे. आम्ही शिक्षकही ते तत्काळ मान्य करतो व त्यास निंबाखाली इतरांच्या चपला राखावयास बसवितो. त्यास काय करता येईल, हे आम्ही विचारलेले नाही. पेटकरांचे चरित्र वाचताना तो निंबाखालचा मुलगा वारंवार आमच्या डोळ्यांपुढे आला, हे कबूल केले पाहिजे.

पुढे पेटकरांनी पुण्यास टेल्को कारखान्यात नोकरी केली. सरकारने त्यांस २०१८ साली पद्मश्री दिली. अर्जुन पुरस्कार मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी.