ठाणे-कल्याण परिसरातील वार्षिक उत्सव : तिथी, ऋतू आणि धारकसमाज

उत्सवांच्या अभ्यासात तिथीला अग्रस्थान मिळते, हे स्वाभाविक आहे. तिथी पंचांगात नोंदलेली असते. तिच्या आधारे उत्सवांची सूची सहज सिद्ध होते, आणि आज अमुक तिथीस होणारा उत्सव हाच शंभर वर्षांपूर्वी त्या तिथीस होणारा उत्सव होय, असे नकळत गृहीत धरले जाते. ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरात हे गृहीत टिकत नाही. येथे बहुतेक तिथी कायम आहेत. परंतु त्या ज्या कामाशी बांधलेल्या होत्या ते काम कित्येक ठिकाणी उठून गेले आहे, आणि त्या पाळणारा समाजही पालटला आहे. उत्सव ज्याच्या श्रमावर, खर्चावर व अधिकारावर चालतो त्या समाजास प्रस्तुत लेखात 'धारकसमाज' असे म्हटले आहे.

या प्रदेशाचे जुने अर्थजीवन भात, मीठ व मासळी या तिहींवर उभे होते. आगरी या नावाचा संबंध आगर, म्हणजे मिठागर, या शब्दाशी जोडला जातो. ठाण्यातील मीठबंदर हे स्थलनाम आजही त्या व्यवसायाची आठवण देते. भाताच्या कामाचा क्रम सर्वपरिचित आहे. उन्हाळ्यात राब भाजावयाचा, पाऊस पडताच पेरावयाचे, आषाढात लावणी उरकावयाची. लावणीनंतर थोडी उसंत मिळते आणि श्रावण-भाद्रपदाचे सण त्या उसंतीत येतात. कोकणातील तेरड्याच्या गौरी ध्यानात घेतल्या म्हणजे ऋतूचे हे बंधन किती शब्दशः आहे ते कळते. कारण तेरडा फुलतो तो त्याच सुमारास. आश्विनात नव्या लोंब्या दारावर चढतात. पुढे कापणी व झोडणी आटोपली की पौष ते चैत्र हा काळ जत्रांचा होय. मुरबाड तालुक्यातील म्हसे येथील गुरांच्या बाजाराची व घोंगड्यांची जत्रा पौष पौर्णिमेस भरते, मलंगगडाची यात्रा माघ पौर्णिमेस, अंबरनाथच्या शिवालयाची महाशिवरात्रीस. आणि चैत्रात कोळी व आगरी कुटुंबे कार्ल्याच्या एकवीरेस जातात. धान्य घरात, बैल मोकळे आणि वाटा कोरड्या, अशी स्थिती या महिन्यांतच असे. जत्रांचा हा क्रम लावण्यात खळ्याचा वाटा देवतांइतकाच आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

यांपैकी मलंगगडाचे उदाहरण धारकत्वाच्या दृष्टीने वेगळे पडते. इंग्रज सैन्य १७८० मध्ये कल्याणास आले व पुढे त्यास निघून जावे लागले. त्याचे श्रेय बावा मलंगाच्या प्रभावास देऊन पेशव्यांनी काशीनाथपंत केतकर या कल्याणच्या ब्राह्मणाच्या हस्ते गडावर भेट पाठविली, अशी हकीकत ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये (१८८२) आली आहे. पीराच्या स्थानाची व्यवस्था ब्राह्मण घराण्याकडे आणि उपासक दोन्ही धर्मांचे, अशी ही रचना होती. तिच्या व्यवस्थापनाचा वाद १९५० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि स्थानाचे मूळ स्वरूप कोणते याविषयीचा वाद त्यानंतरही शमलेला नाही. तिथीविषयी मात्र तंटा नाही; पौर्णिमा सर्वांस मान्य आहे. उत्सवावर हक्क कोणाचा, हा प्रश्न तिथीच्या पोटात किती काळ दडून राहू शकतो याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण या परिसरात आढळणार नाही.

नारळी पौर्णिमेचा विचार अधिक विस्ताराने करावा लागतो. ठाणे स्थानकाला लागून असलेला चेंदणीचा कोळीवाडा १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली आगगाडी आली त्यापूर्वीचा आहे. श्रावणी पौर्णिमेस वाजतगाजत खाडीवर जाऊन नारळ अर्पण करावयाचा हा तेथील प्रघात. त्याचा मूळ अर्थ व्यावहारिक आहे : पावसाळ्यातील उधाण ओसरू लागते, माशांच्या प्रजननाचा काळ सरत येतो आणि होड्या पुन्हा पाण्यात लोटावयाच्या असतात. म्हणजे ही तिथी कोळ्यांच्या कामाच्या वर्षाचा आरंभदिन होती.

शासनानेही एकेकाळी तिला ही मान्यता दिली होती. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली यांत्रिक नौकांवर जी पावसाळी बंदी घातली जाई तिची मुदत बरीच वर्षे १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जो दिवस आधी येईल तेथपर्यंत असे. सरकारी आदेशात चांद्र तिथीने कालमर्यादा ठरावी, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. पुढे पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मुदत आली आणि तिथीचा हा संबंध तुटला. २०२० मध्ये नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला होती, तेव्हा दोन्ही गणनांत अंतर जाणवण्याजोगे नव्हते. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती ३० ऑगस्टला आली, आणि ६१ दिवसांची मुदत संपल्यावर समुद्रात जाणाऱ्यास नारळ वाहण्यापूर्वीच महिनाभर मासेमारी करण्याची मोकळीक राहिली. खाडीतील बिनयांत्रिक होड्यांना ही बंदी लागू नव्हती हे खरे. पण त्यांचे संकट निराळे होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने, शहरांचे सांडपाणी व भराव यांमुळे खाडीतील मासळी रोडावली. त्याच खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला, आणि २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पक्ष्यांस संरक्षण लाभले ही समाधानाची गोष्ट असली, तरी त्यामुळे जाळ्यात मासा येत नाही.

असे असूनही मिरवणूक निघते. कार्यालयात नोकरी करणारा कोळी तरुण त्या दिवशी मिरवणुकीत चालतो, स्त्रिया ठेवणीतली लुगडी व दागिने घालतात, नारळ पाण्यात जातो. याला केवळ 'अवशेष' म्हणून बाजूला सारणे चुकीचे होईल. कामाचा आरंभदिन आता स्थानाच्या स्वामित्वाचा दिवस झाला आहे : चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेला वाडा वर्षातून एकदा आपली खाडीपर्यंतची वाट चालून दाखवितो. जमिनीचे मोल जेथे चौरस फुटावर मोजले जाते तेथे या चालण्याला जो अर्थ आहे तो खाडीत मासळी भरपूर असताना नव्हता.

डोंबिवलीत याच्या नेमकी उलट प्रक्रिया घडली. मूळची आगरी वस्ती असलेले हे गाव रेल्वेमुळे मुंबईच्या नोकरदारांचे निवासस्थान बनले. सकाळी जाणे आणि रात्री परतणे हाच तेथील दिनक्रम. अशा वस्तीस सामायिक शेत नसते, सामायिक बंदर नसते. सार्वजनिक गणेशोत्सवाचा नमुना अर्थात उपलब्ध होता. कल्याणातील सुभेदारवाड्याचा उत्सव १८९५ पासूनचा आहे. परंतु त्या नमुन्यात प्रत्येक मंडळाची मूर्ती, वर्गणी व मांडव स्वतंत्र असतात. १९९९ मध्ये डोंबिवलीच्या श्रीगणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची शोभायात्रा काढली, तेव्हा यजमान एक आणि सहभागी संस्था अनेक अशी निराळी योजना पुढे आली. शाळा, व्यायामशाळा, ज्ञातिसंस्था, सायकलस्वार, लेझीम व ढोलताशाची पथके आणि दुचाकीवरील नऊवारीतील स्त्रिया एकाच रस्त्याने चालू लागल्या. पाडवा हा तोवर घरचा सण होता. गुढी दारात, कडुनिंब ताटात. तो रस्त्यावर आला, आणि ठाण्यात कौपीनेश्वराच्या परिसरापासून मुंबईतील गिरगावापर्यंत स्वागतयात्रांची प्रथा पसरली. तिथी प्राचीन, विधी नवा आणि धारक त्याहूनही नवा, असा हा योग आहे. त्याला 'प्राचीन परंपरा' म्हणणारी फलके यात्रेत दिसतात. अभ्यासकाने ती पुरावा म्हणून नव्हे, तर यात्रेचाच एक भाग म्हणून वाचावीत.

घरचा पाडवा व रस्त्यावरचा पाडवा हे वेगळे करता येतात याची प्रचीती २०२० मध्ये आली. त्या वर्षीचा पाडवा २५ मार्चला, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी होता. यात्रा झाली नाही. गुढ्या मात्र खिडक्यांत व सज्जांत उभ्या राहिल्या.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या उल्हासनगरात चेटीचंड साजरा होतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आश्रय घेतलेल्या सिंधी निर्वासितांचे हे नगर. त्याचे नामकरण १९४९ मध्ये झाले. झुलेलाल हे सिंधूच्या जलाशी निगडित दैवत. नदी सीमेपलीकडे राहिली आणि तिथी माणसांबरोबर आली. चेंदणीत पाणी जवळ असून त्यातील काम गेले, येथे पाणीच दूर राहिले. दोन्ही ठिकाणी उत्सव टिकला, पण दोहोंची कारणे एक नव्हेत.

शेवटी डोंबिवलीतीलच एका प्रघाताची नोंद करणे अवश्य आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे तरुण-तरुणी नवी वस्त्रे लेऊन गणपतीच्या दर्शनास येतात व नंतर फडके रस्त्यावर जमतात. अलीकडे तेथे गाण्याचे कार्यक्रम होतात, पण जमण्याचे कारण ते नव्हे. शाळासोबती भेटतात, नोकरीसाठी परगावी गेलेले भेटतात, आणि उन्हे चढली की गर्दी पांगते. ठाण्यात राममारुती रस्ता व तलावपाळी येथेही हेच दिसते. या जमण्यास मूर्ती नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. गॅझेटियरच्या जत्रांच्या यादीत याला रकाना सापडणार नाही. परंतु धारकसमाज प्रत्यक्ष घडताना पाहावयाचा असेल, तर क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्याने त्या दिवशी पहाटेच्या गाडीने डोंबिवलीस उतरावे.