घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालताना

पावसाळ्यात काळ्या चिखलात पाय मुरगळून घोट्याचे हाड मोडले, तर शेतकरी कुटुंबाचा हंगामच अडतो. गंगापूर परिसरातील अनेक रुग्ण अशा वेळी छत्रपती संभाजीनगर येथील, ‘घाटी’ या नावाने परिचित असलेल्या शासकीय रुग्णालयाचा आधार घेतात. शस्त्रक्रियेत हाडे जुळवून धातूची पट्टी व स्क्रू बसविले जातात. घरी परतल्यावर मात्र कोणी पट्टीच्या भरवशावर लगेच शेतात जातो, तर कोणी भीतीपोटी अंथरूणच सोडत नाही. दोन्ही गोष्टी घातक आहेत.

पट्टी हाडाचे तुकडे केवळ जागेवर धरून ठेवते. ते सांधण्याचे काम शरीरच करते व त्यास साधारणतः ६ ते १२ आठवडे लागतात. अवेळी भार दिल्यास पट्टी वाकू शकते. हालचालच न केल्यास सांधा आखडतो आणि उकिडवे बसणे कठीण होते. म्हणून प्रथम पाय उंचावर ठेवणे, नंतर डॉक्टरांच्या अनुमतीने घोट्याची हालचाल, पुढे कुबड्यांच्या आधाराने थोडा थोडा भार व शेवटी काठीने चालणे, असा क्रम पाळावा. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. तंबाखू वर्ज्य करावी; मधुमेहींनी साखर आटोक्यात ठेवावी. जखमेतून पू येणे, पोटरी दुखून सुजणे अथवा धाप लागणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

फेरतपासणीसाठी वाहनाची सोय करणे, घरी शौचाच्या खुर्चीची व्यवस्था करणे, ही कामे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांच्या सहकार्याने सहज होऊ शकतात. रुग्ण पुन्हा आपल्या पायावर उभा राहण्यात गावाचाही वाटा असतो.