आधी चेहरा, मग डबी

पार्लरमध्ये ट्रायलला आलेली नवरी पहिलं काय करते? मोबाइल काढते आणि कुठल्यातरी नटीचा फोटो पुढे धरते. "ताई, अगदी असाच लुक हवा!" ताई मान डोलावतात आणि मनात म्हणतात, नाक तिचं, जबडा तिचा, तिच्यावर पडलेला उजेडही तिचाच. तुझ्याकडे काय आहे ते आधी बघू दे की!

मेकअपचा खरा खेळ या बघण्यातच आहे. त्यापायी कुणी चेहरा मोजायचं यंत्र केलं, कुणी केसांच्या रंगानुसार खोल्या बांधल्या, तर कुणी ब्रश हातात धरण्याच्या हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. त्यातल्याच या काही चटकदार गोष्टी.

१. सोनेरी केसवाल्या इकडे, लाल केसवाल्या तिकडे

मॅक्स फॅक्टर हे आज डबीवर छापलेलं नाव असलं, तरी तो हाडामांसाचा माणूस होता. पोलंडमध्ये जन्मलेला हा टोप बनवणारा कारागीर १९०४ मध्ये अमेरिकेला गेला आणि पुढे हॉलिवूडचा नावाजलेला रंगभूषाकार झाला. १९१८ मध्ये त्याने 'कलर हार्मनी' नावाची पद्धत काढली. पावडर निवडायची ती त्वचा, केस आणि डोळे यांचा रंग एकत्र बघून, हे तिचं सूत्र. १९३५ मध्ये त्याने हॉलिवूडमध्ये झोकदार सलून थाटलं. त्यात केसांच्या रंगानुसार चार खोल्या होत्या : सोनेरी केसांसाठी निळी, लाल केसांसाठी फिकट हिरवी, काळसर केसांसाठी गुलाबी आणि तपकिरी केसांसाठी पीच. त्या केसांची बाई आत शिरली की उठूनच दिसली पाहिजे, असा भिंतीचा रंग. आपल्याकडे हेच सलून निघालं असतं, तर एका खोलीपुढे रांग लागली असती आणि उरलेल्या तीन भाड्याने द्याव्या लागल्या असत्या!

२. चेहऱ्याला स्क्रू

याच मॅक्स फॅक्टरने १९३२ मध्ये 'ब्यूटी मायक्रोमीटर' नावाचं यंत्र आणलं. धातूच्या पट्ट्यांचा पिंजरा, त्याला चहूबाजूंनी स्क्रू, आणि आत बिचारी नटी. फोटो बघितला तर छळाचं हत्यारच वाटतं. काम मात्र साधं होतं. नाक किंचित वाकडं, एक भुवई केसभर वर, अशा साध्या नजरेला न दिसणाऱ्या गोष्टी मोठ्या पडद्यावर ठळक होतात. त्या नेमक्या कुठे आहेत हे यंत्राने शोधायचं आणि मग तिथेच रंगाची करामत करायची. पार्लरांनी हे यंत्र काही डोक्यावर घेतलं नाही. मुरलेल्या मेकअप आर्टिस्टची नजर हे काम दोन मिनिटांत करते, तेही स्क्रू न पिळता.

३. नाटकवाल्यांचा पॅनकेक

हौशी नाटकाच्या ग्रीनरूममध्ये अजूनही ऐकू येणारा 'पॅनकेक' आला तोही याच माणसाच्या कारखान्यातून. टेक्निकलर सिनेमा आल्यावर जुना तेलकट ग्रीजपेंट दगा देऊ लागला. तो इतका चकाकायचा की आजूबाजूचे रंग चेहऱ्यावर उमटायचे. हिरव्या पडद्याशेजारी उभी राहिलेली नटी हिरवट दिसायची. मग ओल्या स्पंजने लावायची, चकाकी न येणारी वडी तयार झाली. १९३७ च्या एका रंगीत चित्रपटात ती झळकली आणि पाठोपाठ दुकानात विकायला आली. सिनेमावाल्यांची अडचण घरोघरच्या बायकांच्या पथ्यावर पडली.

४. तोच राम, तीच सीता

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. तारामतीच्या भूमिकेत होते अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा तरुण. त्याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोघंही रंगवले. चेहरा एकच, पण राम साकारताना एक बाजू उचलून धरायची, सीता साकारताना दुसरी. त्यात आणखी एक गंमत म्हणजे त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाली लावलेले गाल पडद्यावर काळपट पडत. म्हणजे रंगभूषा करायची ती माणसाच्या डोळ्यांसाठी नव्हे, कॅमेऱ्याच्या डोळ्यासाठी. हा धडा आज एचडी मेकअप करणाऱ्यांनाही चुकलेला नाही.

५. बायकांनी पुरुषाची उचललेली फॅशन

बालगंधर्वांनी १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून पाऊल टाकलं आणि पुढे उलटंच घडलं. पुरुषाने बाईची नक्कल करायची, तर बायकाच त्यांच्या साड्या, केशरचना आणि दागिन्यांची नक्कल करू लागल्या. शंभर वर्षांनी, २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात सुबोध भावे यांच्या चेहऱ्यातून हे रूप बाहेर काढलं रंगभूषाकार विक्रम गायकवाड यांनी. त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना या चित्रपटासाठी आणि 'द डर्टी पिक्चर'साठी मिळाला. एकीकडे पुरुषातली नायिका, दुसरीकडे दक्षिणेतली बिनधास्त नटी. एकाच वर्षी, एकाच हाताने घडवलेली!

६. चेहरा बाईचा, ब्रश मात्र पुरुषाचाच

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अनेक दशकं एक अजब नियम होता. केस करायचे बाईने, मेकअप करायचा पुरुषाने. रंगभूषाकारांच्या संघटनेचं मेकअप आर्टिस्टचं कार्ड बायकांना मिळतच नसे. चारू खुराना यांनी याविरुद्ध दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवला. गल्लोगल्लीच्या पार्लरमध्ये बायका राज्य करत होत्या, पण सेटवर ब्रश हातात घ्यायला त्यांना न्यायालयाचा निकाल लागला.

७. आजीचा प्रायमर

प्रायमर ही कंपन्यांची नवी करामत वाटत असेल, तर आजीची फणी-करंड्याची पेटी आठवा. झाकणाला आतून आरसा, एका डबीत मेण, दुसऱ्या डबीत कुंकू. आधी बोटाने कपाळावर मेणाचा नेमका गोल टेकवायचा, मग त्यावर कुंकू दाबायचं आणि उरलेली भुकटी पदराच्या टोकाने झटकायची. घाम येवो, चुलीसमोर बसावं लागो, कुंकू जागचं हलत नसे. शिवाय आकारही ज्याच्या त्याच्या कपाळाचा. कुणाचं कुंकू रुपयाएवढं, कुणाची आडवी चिरी, तर कुणाची चंद्रकोर. बाई पाठमोरी वळायच्या आत कुंकवावरून ओळख पटायची.

त्या कुंकवातलं रसायनही मजेदार आहे. हळद अल्कलीत पडली की लाल होते. साबणाने हळदीचा डाग धुताना तो लालभडक होतो ना, तेच कुंकवाचं गुपित. आजच्या चिकट टिकलीबाबत मात्र एक काळजी घ्या. काही टिकल्यांच्या डिंकातल्या रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. तसं काही दिसू लागलं तर टिकली बंद करून त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

८. एक चेहरा, दोन शेड

गोरी असो वा सावळी, त्वचेला रंग देणाऱ्या पेशींची संख्या सगळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी मेलॅनिन किती आणि कसं बनवतात यावर. आपल्याकडच्या अनेक जणींचं कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग गालांपेक्षा गडद असतो. हा काही दोष नव्हे, ठेवणच तशी. म्हणूनच जाणती आर्टिस्ट दोन शेड घेते आणि कडा एकमेकींत विरघळवते. एकच फिकी शेड सगळीकडे थापली की पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखं दिसतं, आणि त्याची साक्ष द्यायला मान असतेच!

९. सावळ्या रंगाला उशिरा मिळालेले नंबर

त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेची प्रतवारी मांडली, ती ऊन लागल्यावर त्वचा किती भाजते यावरून. सुरुवातीचे प्रकार गोऱ्या त्वचेचेच. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे नंबर नंतर जोडले गेले. आपल्याकडे त्याच १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली, आणि तिच्या नावातलं 'फेअर' जायला २०२० उजाडलं. गायिका रिहानाने २०१७ मध्ये एका झटक्यात फाउंडेशनच्या ४० शेड आणल्या, तेव्हा कुठे बाकीच्या कंपन्या खडबडून जाग्या झाल्या. खरं तर अजिंठ्याच्या चित्रकारांना हे पाचव्या शतकातच उमगलं होतं. सतरा नंबरच्या लेण्यात आरसा हातात धरून नटणारी स्त्री आहे, आणि अजिंठ्याच्या भिंतींवर गोऱ्यापासून सावळ्या-काळ्यापर्यंत सगळ्या कांतींच्या सुंदऱ्या आहेत. कुणालाही उजळवण्याच्या भानगडीत ते कलावंत पडले नाहीत.

१०. फरक वाढवा, रंग नव्हे

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल यांनी एकाच चेहऱ्याचे दोन फोटो केले. एकात डोळे-ओठ आणि त्वचा यांच्यातला गडद-उजळ फरक वाढवला, दुसऱ्यात कमी केला. बघणाऱ्यांना पहिला चेहरा बाईचा वाटला, दुसरा पुरुषाचा! बायकांच्या चेहऱ्यात हा फरक मुळातच जास्त असतो, आणि काजळ-लिपस्टिक तोच आणखी ठळक करतात, असं रसेल यांनी २००९ मध्ये मांडलं. याचा सरळ अर्थ असा की सावळ्या चेहऱ्याला उजळ करत बसण्याची गरजच नाही. भुवया नीट भरा, काजळ गडद करा, ओठांना मरून किंवा विटकरी रंग द्या. काम फत्ते.

११. चष्म्याचा नंबर काय?

मेकअप आर्टिस्टने विचारायला हवा आणि क्वचितच विचारला जातो, असा हा प्रश्न. मायनस नंबरच्या काचेतून डोळे लहान दिसतात, तेव्हा लायनर थोडं ठसठशीत चालतं. प्लस नंबरची काच डोळे मोठे करून दाखवते, आणि त्यासोबत मस्काऱ्याची प्रत्येक गुठळीही! तिथे हात हलकाच हवा. डोळे मुळात बारीक असतील, तर खालच्या पापणीच्या आत काळंकुट्ट काजळ भरल्याने ते आणखी मिटल्यासारखे दिसतात. तीच रेघ पापणीच्या बाहेरून ओढा, डोळा लगेच मोठा वाटेल.

१२. हळदीचा गनिमी कावा

ट्रायल महिनाभर आधी झाली, बेसची शेड ठरली, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला हळद लागली! ती पिवळी छटा सहजासहजी जात नाही, त्यामुळे ठरलेली शेड ऐन मुहूर्ताला परकी वाटते. मुरलेल्या ताई म्हणूनच त्या दिवशी सकाळी जबड्याच्या रेषेवर शेड पुन्हा लावून बघतात. मुंडावळ्यांखाली कानशिलं झाकली जाणार, तर तिथे कंटूरिंगचा घाट घालत नाहीत. नथीचे मोती ओठांवर टेकणार, म्हणून चकचकीत ग्लॉस टाळून मॅट लिपस्टिक लावतात. लाजाहोमाच्या धुराने डोळे पाणावणार, म्हणजे काजळ वॉटरप्रूफच हवं. आणि फोटोग्राफर फ्लॅश मारणार असेल, तर सिलिकाची पांढरी पावडर बेताने, कारण खोलीतल्या उजेडात न दिसणारी ही पावडर फ्लॅशमध्ये पांढरे ठिपके होऊन उमटते.

१३. 'लोकांना' जास्तच आवडतं म्हणे

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक ब्रिटिश अभ्यास फार बोलका आहे. बायकांचे मेकअपशिवायचे आणि मेकअप केलेले फोटो घेऊन, संगणकावर मेकअप कमी-जास्त करायची सोय दिली. बघणाऱ्या स्त्री-पुरुषांना सगळ्यात देखणा वाटला तो प्रत्यक्षात केलेल्या मेकअपपेक्षा कमी मेकअपचा चेहरा. पण "इतरांना काय आवडेल?" असं विचारताच त्यांनी जास्त मेकअपकडे बोट दाखवलं. थोडक्यात, ज्या 'लोकां'साठी आपण शेवटचे दोन थर चढवतो, ते लोक कुणाला कधी भेटलेलेच नाहीत.

ट्रायलला निघालात? मग हे ध्यानात ठेवा

• शेड मनगटावर नव्हे, जबड्यावर आणि खिडकीच्या उजेडात बघा. दहा मिनिटं थांबा. काही फाउंडेशन हवा लागली की गडद होतात.

• डोळ्यांखालच्या निळसर वर्तुळांवर थेट कन्सीलर थापू नका. आधी नारिंगी करेक्टर लावा, निळ्याला तोच मारतो.

• लिपस्टिक शाकाहारी हवी असेल, तर डबीवर 'कार्माइन' किंवा सीआय ७५४७० आहे का ते वाचा. हा लाल रंग वाळवलेल्या किड्यांपासून काढतात.

• लग्नात घालणार असाल ती नथ, टिकली आणि ब्लाउजच्या रंगाची ओढणी सोबत न्या. चष्मा असेल तर तोही.

• नटीचा फोटो दाखवायचाच असेल, तर स्वतःचाही एक दाखवा, ज्यात तुम्ही तुम्हाला आवडला होतात असा. पहिल्या फोटोवरून ताईंना तुमची हौस कळेल, दुसऱ्यावरून त्यांचं काम.