अक्षरांतून शब्द : भाषेच्या तासाचा एक खेळ

मुळाक्षरे क्रमाने म्हणून दाखविणारे आणि बाराखडी न अडखळता पुरी करणारे मूल फळ्यावरचा ‘तवा’ हा साधा शब्द वाचताना थांबते, असा अनुभव पहिली-दुसरीच्या पुष्कळ शिक्षकांस येतो. बाराखडी पाठ होणे ही तोंडाची सवय आहे. शब्द वाचणे ही ध्वनी व खूण यांची सांगड आहे. पहिलीवरून दुसरी आपोआप येत नाही. ही सांगड मुलाच्या हातून घडवून आणण्याचे एक सोपे साधन म्हणजे सुट्या अक्षरांतून शब्द जुळविण्याचा खेळ होय. मात्र मराठी लिपीचा स्वभाव ओळखून तो मांडला, तरच त्याचा पुरता लाभ होतो.

खेळाचे मूळ तत्त्व

मारिया माँतेसरी यांनी १९०७ साली रोम येथे आपले पहिले बालगृह सुरू केले. तेथील साहित्यात हाताने उचलून मांडता येतील अशी सुटी अक्षरे होती. स्वर एका रंगाचे व व्यंजने दुसऱ्या रंगाची. लेखणी धरण्याइतका हात तयार होण्यापूर्वीच मूल अक्षरे ओळीने मांडून मनातील शब्द ‘लिहू’ लागे. यातील मर्म असे की, चुकलेले अक्षर पुसावे लागत नाही, नुसते उचलून दुसरे ठेवले की झाले. चुकीचे भय गेले की मूल प्रयत्न करू लागते.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. महाग साहित्यावाचून, परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवर शिक्षण उभे करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. या खेळासही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, पुठ्ठ्याचे तुकडे किंवा रिकाम्या काड्यापेट्या पुरेशा आहेत.

मात्रा सुटी ठेवावी

इंग्रजीत स्वर व व्यंजने ओळीत शेजारी शेजारी बसतात. मराठीत स्वराची खूण व्यंजनाला वर, खाली, पुढे किंवा मागे चिकटते. त्यामुळे पत्ते करताना ‘का’, ‘कि’, ‘कु’ अशी तयार अक्षरे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा.

उदाहरणार्थ, ‘तलवार’ हा शब्द घ्या. त, ल, वा, र असे चार पत्ते दिले तर मुले वार, वात, वाल, तर, तरल असे मोजकेच शब्द करतील. आता ‘वा’चा काना तोडून वेगळा पत्ता करा. पत्ते झाले पाच. पण त्यांतून तार, रात, ताल, लता, तवा, रवा, वर, तलाव, वरात हे शब्दही निघतात. नवे अक्षर एकही आले नाही. फक्त काना मोकळा झाला. तो एका अक्षरापासून उचलून दुसऱ्यापाशी ठेवताना ‘तर’चा ‘तार’ कसा होतो, हे मूल स्वतः पाहते. जे बाराखडीच्या शंभर आवृत्त्यांनी उमजले नाही, ते या एका हालचालीने उमजते.

वेलांट्यांच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. ‘किती’ हा शब्द उच्चारताना आधी ‘क्’ ऐकू येतो, परंतु पहिली वेलांटी लिहिली जाते ‘क’च्या अगोदर. म्हणून मुलाने प्रथम ‘क’ मांडावा व मग वेलांटी त्याच्या डावीकडे सरकवावी, असे शिकवावे. उकार व मात्रा यांचे पत्ते अर्ध्या उंचीचे करावेत, म्हणजे ते अक्षराच्या खाली किंवा वर नीट बसतात.

पत्ते किती असावेत

अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने १९३० नंतरच्या दशकात जो शब्दखेळ रचला, तो १९४८ पासून ‘स्क्रॅबल’ या नावाने प्रसिद्ध झाला. कोणत्या अक्षराच्या किती सोंगट्या ठेवाव्यात हे ठरविण्यासाठी त्याने वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजली. म्हणूनच त्या इंग्रजी खेळाच्या १०० सोंगट्यांत ‘ई’च्या १२ आहेत, तर ‘क्यू’ व ‘झेड’ यांची प्रत्येकी एकच.

हीच रीत वर्गात अवलंबिता येईल. चौथीच्या मुलांस पाठ्यपुस्तकाचे एकेक पान वाटून द्यावे व प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा किती वेळा आली, हे रेघांनी मोजण्यास सांगावे. काना सर्वांत पुढे धावताना दिसेल. र, त, न, ल ही अक्षरे वारंवार भेटतील. ढ किंवा झ क्वचित. ‘ञ’ तर शोधूनही सापडणार नाही. या मोजणीवरून मुलांनीच पत्त्यांची संख्या ठरवावी. गणित व भाषा या दोन्ही विषयांचे काम एकाच वेळी होते. ‘बॅट’, ‘बॉल’ यांसारख्या शब्दांसाठी अर्धचंद्राचा पत्ताही ठेवावा.

खेळाची रीत

वर्गाचे चार-पाच मुलांचे गट करावेत. वाचनात पुढे असलेली व मागे असलेली मुले एका गटात मिसळावीत.

पहिलीत प्रारंभी केवळ बिनमात्रेची अक्षरे द्यावीत. क, म, ल यांचे ‘कमल’ होते व ‘कलम’ही होते, म, ग, र यांची ‘मगर’ होते आणि ‘गरम’ही. अक्षरे तीच असून क्रम बदलताच अर्थ बदलतो, हा पहिला धडा. त्यानंतर एक काना, मग वेलांट्या, उकार व मात्रा अशी एकेक भर घालावी. जोडाक्षरे तिसरीपासून आणावीत.

प्रत्येक शब्द मांडल्यावर गटाने तो मोठ्याने वाचावा व त्याचे एक वाक्य सांगावे. वाक्य सांगता आले तरच शब्द धरावा. त्यामुळे अक्षरांची निरर्थक जुळणी आपोआप गळते. एका अक्षरास एक गुण द्यावा. गुण गटास मिळावेत, एकट्या मुलास नव्हे, आणि कोणासही खेळातून बाद करू नये. ज्यास खेळाची गरज अधिक, तेच मूल नेमके आधी बाद होत असते.

एकशिक्षकी व द्विशिक्षकी शाळांत या खेळाचा विशेष उपयोग आहे. एका वर्गास शिकविणे चालू असता दुसरा वर्ग शांतपणे पत्ते जुळवीत बसू शकतो.

शुद्धलेखन व घरची बोली

१९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार ‘फूल’ यातील उकार दीर्घ, पण ‘फुले’ यातील ऱ्हस्व. हा नियम सांगून ध्यानात राहत नाही. पत्त्यांनी मात्र तो हातात येतो : ‘फूल’ याचे अनेकवचन करताना मूल दुसरा उकार उचलते व त्या जागी पहिला ठेवते. ‘वीट–विटा’, ‘मूल–मुले’ या जोड्याही अशाच मांडून घ्याव्यात. तथापि पहिलीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसाठी गुण कापू नयेत.

याहून नाजूक प्रश्न बोलीचा आहे. वऱ्हाडातील मूल ‘डोया’ असा शब्द मांडील. त्यास ‘चूक’ म्हणून पत्ते विस्कटणे हा अन्याय होय. त्या मुलाने आईच्या तोंडून जे ऐकले, त्यातील प्रत्येक ध्वनीस योग्य खूण शोधून काढली आहे; वाचनाचे खरे काम त्याने साधलेले आहे. आपण जे शिकवावयाचे, ते एवढेच की पुस्तकात ‘य’च्या जागी ‘ळ’ येतो. फळ्यावर ‘घरचा शब्द’ आणि ‘पुस्तकातला शब्द’ असे दोन रकाने आखावेत. ‘डोया’ एका रकान्यात व ‘डोळा’ दुसऱ्यात लिहावा आणि गुण दोहोंस द्यावेत. आपल्या घरच्या भाषेस शाळेत जागा आहे, हे ज्या मुलास कळले, ते शाळेची भाषाही मोकळेपणाने उचलते. जेथे घरी कोरकू, गोंडी किंवा भिली बोलली जाते, तेथे तर हा दुसरा रकाना अत्यावश्यक समजावा.

शिक्षकाने काय पाहावे

खेळ चालू असता शिक्षकाने गटांतून फिरावे व वहीत टिपणे ठेवावीत. कोणते मूल अक्षर ओळखते पण मात्रा लावताना चाचरते, कोण शब्द मांडते पण तो वाचू शकत नाही, कोण दुसऱ्याच्या पत्त्यांकडे पाहून केवळ नक्कल करते, हे पाच मिनिटांत दिसून येते. लेखी परीक्षेत ही तिन्ही मुले एकाच ‘नापास’ या शिक्क्याखाली दडतात; येथे ती वेगवेगळी दिसतात व प्रत्येकास कोणती मदत हवी हेही कळते. आठवड्यातून दोन वेळा, वीस मिनिटे, एवढा अवधी या खेळास पुरे आहे. महिन्याच्या अखेरीस ती वही पुन्हा उघडून पाहावी. ज्या नावापुढील टीप अजून बदललेली नाही, त्या मुलाजवळ पुढच्या खेळात शिक्षकाने स्वतः बसावे.