अठरा ते तीस: कार्यक्रमांबाहेरची वर्षे

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना २०२५ अखेरपर्यंत नियमित उपचारांखाली आणायचे ठरवले. मार्च २०२५ मध्ये त्यातले सुमारे ९० टक्के उद्दिष्ट गाठल्याचेही सांगितले. काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. तरीही हा आकडा वाचताना सल राहतो. असंसर्गजन्य आजारांच्या ज्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या बळावर हे घडले, त्याची घरोघरची तपासणी तिशीपासून सुरू होते. आशाताईंच्या हातातला तक्ता तीस वर्षांवरच्यांसाठीच आहे. दहाव्या वर्षी टाइप १ मधुमेह, म्हणजे इन्सुलिनवरच जगावे लागणारा मधुमेह, झालेली आणि आज बाविशीत असलेली मुलगी या तपासणीच्या वाटेवर कुठेच भेटत नाही. लहानपणी तिच्यासाठी निदान बालरोगतज्ज्ञ तरी होते.

१९२२ मध्ये टोरंटोत इन्सुलिनने पहिल्या मुलाचा जीव वाचला. त्यानंतरच्या कितीतरी दशकांत आपल्या सरकारी दवाखान्यांचे धोरण एवढेच राहिले, की बाटली असली तर द्यायची. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. २०१० मध्ये असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम आला तोही मध्यमवयीन माणूस डोळ्यांसमोर ठेवून. खरी संधी आली आणि हुकली ती २०१३ नंतरच्या दहा वर्षांत.

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. अंगणवाडीपासून शाळेपर्यंत अठरा वर्षांखालच्या मुलांना तपासणारी डॉक्टरांची पथके तालुक्यातालुक्यांत फिरू लागली. कल्पना उत्तम होती. पण त्यांच्या ३० आजारांच्या यादीत दुभंगलेल्या ओठापासून किडक्या दातांपर्यंत बरेच काही आले, टाइप १ मधुमेह आला नाही. त्याच सुमारास राज्यभर पसरलेल्या आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळालेल्या जनआरोग्य योजनेने रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च उचलला. साखर तपासायच्या पट्ट्या, सुया आणि महिन्याची ओपीडी मात्र घरच्यांवरच राहिली. म्हणजे साखर हाताबाहेर जाऊन मूल अतिदक्षता विभागात पोचले की पैसा आहे, ते तिथे पोचू नये म्हणून नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आले. टाइप १ मधुमेह बाहेर राहिला. या दशकात थोडा उजेडही दिसला. सीबीएसईने २०१७ मध्ये अशा मुलांना परीक्षेला खाऊ नेऊ दिला. २०२२ मध्ये आयसीएमआरने टाइप १ साठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, ग्लार्जिन इन्सुलिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. पण यातल्या कशानेही अठरा ते तीसची दरी बुजली नाही. एक कार्यक्रम अठराव्या वर्षी हात सोडतो, दुसरा तिसाव्या वर्षी पुढे करतो. आणि अनेक सरकारी रुग्णालयांत बालरोग विभाग बारा वर्षांपर्यंतच असल्याने प्रत्यक्षात ही दरी आणखी रुंद आहे.

वयाची ही रेघ आजाराच्या स्वभावातून आलेली नाही. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल मोहिमेने शून्य ते चाळीस असा वयोगट धरला. जन्मभराचा आजार वाढदिवसाला तोडता येत नाही, हे नियोजनकर्त्यांना कळत होते, याचा हा पुरावाच. टाइप १ च्या बाबतीत तर अठरावे वर्ष सर्वांत वाईट वळण आहे. मुलगा बारावीनंतर नंदुरबारहून पुण्याला जातो, मेसमध्ये जेवतो, दुपारचे इन्सुलिन वर्गात घ्यायला लाजतो. मुलीचे स्थळ बघताना आजार लपवला जातो आणि मग सासरी इन्सुलिनची बाटलीही लपवावी लागते. गर्भधारणेआधी साखर आटोक्यात हवी, हे सांगायला कुणी उरत नाही. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड दरवर्षी तपासायचे दिवसही हेच.

यावर पहिला आक्षेप संख्येचा. देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण असताना या मूठभरांसाठी वेगळी व्यवस्था कशाला? आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे वीस वर्षांखालचे टाइप १ रुग्णच भारतात सुमारे २ लाख २९ हजार आहेत. जगात सर्वाधिक. शिवाय टाइप २ चा रुग्ण गोळी चुकली तरी महिने काढतो. यांचे इन्सुलिन तुटले तर काही दिवसांत जीव जातो. जिल्ह्यागणिक नावे मोजकीच असणे ही सोयच आहे, प्रत्येकाचा पाठपुरावा करता येतो. दुसरा आक्षेप असा, की इन्सुलिन सरकारी रुग्णालयात फुकट मिळते. जिथे मिळते तिथेही पट्टीशिवाय डोस ठरवणे म्हणजे अंदाजाने चालणे. आणि मेडिसिनच्या गर्दीच्या ओपीडीत साठीच्या टाइप २ रुग्णांच्या रांगेत उभ्या तरुणाला बऱ्याचदा त्यांचेच पथ्य सांगितले जाते. तिसरा आक्षेप: संस्था आहेत ना? नागपूरचा ड्रीम ट्रस्ट, संभाजीनगरची उडान यांनी गरीब मुलांसाठी केलेल्या कामाचे मोल मोठे आहे, पण त्यांचा आधार देणग्यांचा आहे. देणगीदार थांबला तर मुलाचे इन्सुलिन थांबावे, अशी रचना राज्याने चालवून घेऊ नये.

सरकारी व्यवस्थेला हे जमते, याचा दाखला देशातच आहे. पश्चिम बंगालने कोलकात्याच्या एसएसकेएम रुग्णालयाच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा रुग्णालयांत टाइप १ साठी वेगळी क्लिनिके उघडली. २०२५ मध्ये त्या कामाला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इंग्लंडमध्ये २०१६ पासूनची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की मोठ्यांच्या विभागात जाण्याची तयारी तेरा-चौदाव्या वर्षीच सुरू करावी आणि मुलासाठी एक ठरलेली व्यक्ती नेमावी. महाराष्ट्राला त्यासाठी नवी इमारत नको. बाल स्वास्थ्य पथके आहेत, जिल्हा रुग्णालयांत असंसर्गजन्य आजारांची क्लिनिके आहेत. पथकांच्या आजारांच्या यादीत टाइप १ घालावा, बालरोग आणि मेडिसिन या दोन्ही विभागांनी एकच नोंदवही ठेवावी, तीन महिन्यांतून एकदा त्यांच्या डॉक्टरांनी या मुलांना एकत्र तपासावे आणि इन्सुलिनसोबत पट्ट्या द्याव्यात. जूनमध्ये बारावी झालेली मुले गाव सोडतात. पुण्यात किंवा मुंबईत त्यांचा पुढचा डॉक्टर कोण, हे त्याआधी त्यांच्या केसपेपरवर लिहिलेले असले पाहिजे.