घरची माती (लेखांक ७) : कोळंबीची सालं कुंडीच्या कामी

मागच्या आठवड्यात आपण सुक्या पाल्याचं खत पाहिलं. त्या खताच्या बादलीत मासळी खाणाऱ्या घरांतूनही काही गोष्टी सहसा पडत नाहीत: कोळंबीची सालं, चिंबोरीचे नांगे, तिसऱ्यांच्या शिंपल्या. वास सुटेल, मांजरं येतील या धास्तीने त्या पिशवीत गाठ मारून कचऱ्यात जातात. आजचा लेखांक त्या पिशवीविषयी.

आपल्या मीरा-भाईंदरमधल्या काशीगावातून ही पिशवी पुढे कुठे जाते? उत्तन, पाली, चौकच्या मासळीवाल्या आपल्या भागात कोळंबी, करंदी, जवळा आणतात. तिकडच्या डोलीच्या जाळ्यात ही मासळी गावते. आणि मीरा-भाईंदरचा कचरा जातो तोही उत्तनलाच, धावगीच्या डोंगरावर. तिथे कचऱ्याला लागणाऱ्या आगी, धूर आणि दुर्गंधी यांविरुद्ध उत्तनकर कित्येक वर्षं आवाज उठवत आहेत. ज्या गावाने आपल्याला मासळी दिली, त्याच गावाच्या उशाशी आपण तिची साल सडायला पाठवतो. अख्खी कोळंबी किलोभर आणली, तर डोकी-सालं मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून जास्त निघतात. एवढं ओझं आपल्या घरातच मातीत जिरवणं हा साधा शेजारधर्म आहे, आणि त्यात कुंडीचाही फायदा आहे.

कोळंबी-चिंबोरीच्या कवचात मुख्य घटक तीन: चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, प्रथिनं आणि कायटिन. वास सुटतो तो प्रथिनांमुळे; ती भराभर कुजतात. कायटिन मात्र चिवट. झुरळाचं कवच आणि अळिंबीच्या पेशींची भिंतही त्याचीच. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑन्री ब्राकोनो यांनी १८११ मध्ये ते प्रथम वेगळं काढलं, तेही अळिंबीतूनच. शुद्ध कायटिनमध्ये वजनाच्या सुमारे ७ टक्के नत्र असतं. ते एकदम सुटत नाही, हळूहळू झाडाला मिळतं.

कायटिन खाणारे जीव मातीत आधीपासून असतात. त्यांतले मुख्य ॲक्टिनोमायसिट्स. खताची बादली उकरल्यावर पाल्यावर राखेसारखा पांढुरका थर दिसतो, तो बऱ्याचदा त्यांचाच. आणि पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तोही याच जीवांनी तयार केलेल्या द्रव्याचा. सालं मिळाली की त्यांची संख्या वाढते. झाडांना मर रोग आणणाऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींच्या अंड्यांच्या कवचातही कायटिन असतं, त्यामुळे या जीवांचा तिथेही उपयोग होतो. शेतातल्या प्रयोगांत हे दिसलं आहे, पण तिथे कवचाचा चुरा भरपूर वापरतात. कुंडीतल्या मूठभर सालींनी रोग हटेलच, अशी हमी कुणी देऊ नये.

तिसऱ्या, खुबे, कालवं यांचं प्रकरण निराळं. त्यांच्या शिंपल्या म्हणजे जवळजवळ निव्वळ चुना. शिंपलीवर लिंबाचे चार थेंब पिळून पाहा, बारीक बुडबुडे येतील. हाच चुना भाजून कोकणात पूर्वी भिंती बांधल्या जात. अख्खी शिंपली खतात वर्षानुवर्षं तशीच राहते. ती कुटून पीठ केली तरच कामाची.

आता कृती. सालं निघाली की त्याच दिवशी धुवा. उकळून पाणी कालवणात वापरत असाल तर उत्तमच; मीठ मात्र सालं बाजूला काढल्यावर घाला. मग कडक उन्हात जाळीखाली खडखडीत वाळवा, नाहीतर कावळे सोडणार नाहीत. वाळलेली सालं खलबत्त्यात भरड कुटा. हा चुरा नाकात जाऊ देऊ नका. नाकाला रुमाल बांधा, आणि घरात कुणाला कोळंबीची ॲलर्जी असेल तर हे काम त्याने करू नये.

भोकं पाडलेल्या २० लिटरच्या बादलीत तळाला नारळाच्या शेंड्या, वर सुका पाला. एक ओंजळ चुऱ्याला चार ओंजळी सुका पाला किंवा लाकडाचा भुसा. थोडं जुनं खत विरजण म्हणून घाला. सालं कधीही उघडी ठेवू नका. वर चार बोटं पाला हवाच. ओल इतकीच, की मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये. आठवड्याला एकदा खालवर करा. अमोनियाचा उग्र वास आला तर सुका पाला कमी पडला, असं समजा. कोळंबीचा चुरा साधारण दोन-तीन महिन्यांत मुरतो. चिंबोरीच्या जाड नांग्यांना जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात बादलीवर छप्पर हवं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा सुकटीची डोकी याच बादलीत जातील. ती आधी भिजवून त्यांतलं मीठ काढा.

तयार खत एक भाग, माती तीन भाग. टोमॅटो, वांगी, मिरचीला हे मानवतं. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो, तो फळाला कॅल्शियम कमी पडल्याने. पण पाणी अनियमित दिलं तरी तो पडतो, तेव्हा सगळा भार सालींवर टाकू नका. अनंताला आंबट माती लागते आणि चुना आंबटपणा कमी करतो, म्हणून त्याला हे खत देऊ नका. सोडियम साचलेल्या चोपण मातीत शिंपल्यांचा चुना फारसा विरघळत नाही. तिथे जिप्सम लागतं.

चुना कुठे घालावा आणि कुठे नाही, हे ठरतं मातीच्या सामूवर (pH). तो घरच्या घरी कसा तपासायचा, ते पुढच्या लेखांकात. या रविवारी कोळंबी आणलीत, तर सालं टाकू नका. आठवडाभरात वाळून बादलीत घालायला तयार होतील, आणि त्यांचं खत कुठल्या कुंडीला द्यायचं हे तोवर आपल्याला कळलेलं असेल.