युरोपचा रस्ता आणि सूर्यास्ताचा रकाना

गतवर्षी दशलक्षण पर्व संपल्यानंतरच्या एका रविवारी माझ्या पुतण्याने मिरजोळ्याच्या घरी एक तक्ता आणून माझ्यापुढे ठेवला. ‘काका, बँकेत एवढे कर्जप्रस्ताव तपासलेत, आता हा एक तपासा,’ असे तो म्हणाला. दिवाळी आटोपली की दहा दिवस, सात माणसे, भाड्याची एक मोठी गाडी आणि बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली व फ्रान्स असे सहा देश. तक्ता सुबक होता. अंतरे होती, हॉटेले होती, खर्चाची बेरीजही बरोबर होती. सूर्यास्ताचा रकाना मात्र त्यात नव्हता.

आमच्या वहिनींचा रात्रीभोजनत्याग तीस वर्षांहून अधिक काळाचा आहे. त्यांनी तक्ता पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्ही सगळे जाऊन या. मी घर सांभाळीन.’ त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. नियम त्यांचा आणि सोय इतरांची, अशी वाटणी आपल्या घरांत नकळत होते. प्रस्ताव मी नामंजूर केला नाही. दुरुस्तीसाठी परत पाठवला.

पहिली दुरुस्ती तारखांची. नोव्हेंबरच्या मध्यावर अँटवर्पला सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पाचच्या आत मावळतो. जेमतेम नऊ तासांच्या त्या दिवसात पाच तास गाडी चालवायची, स्थळे पाहायची आणि दोन वेळचे शुद्ध जेवणही करायचे, हे गणित बसत नाही. तेच जूनच्या पहिल्या आठवड्यात पाहावे. सूर्योदय साडेपाचच्या सुमारास, सूर्यास्त पावणेदहानंतर! पॅरिसलाही फारसा फरक नाही. सूर्यास्तापूर्वीच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, वगळली तरी रात्रीच्या नऊपर्यंत मुभा उरते. फ्रान्समधील उपाहारगृहे संध्याकाळी सातच्या आत सहसा उघडत नाहीत. हिवाळ्यात जी अडचण ठरली असती, ती उन्हाळ्यात उरतच नाही.

वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या जरा घुटमळल्या. घड्याळात नऊ वाजलेले असताना जेवायला मन धजेना. मग स्वतःच म्हणाल्या, ‘नियम सूर्याचा आहे, घड्याळाचा नाही.’ तिथेच निम्मा प्रवास ठरला.

व्यापारी घरात दुसरा प्रश्न हंगामाचा. आमच्या बंधूंचा व्यवसाय आंब्याच्या खोक्यांचा आणि पॅकिंगच्या सामानाचा. मार्च ते मे या काळात दुकान सोडणे अशक्य. पण पावसाची चाहूल लागली की हापूस संपतो आणि मागणीही थांबते. मुलांच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे मेअखेर ते जूनचा दुसरा आठवडा एवढीच फट. ती चातुर्मासाच्याही आधी येते. दिवाळीचा बेत केवळ सवयीने ठरला होता. त्या पंधरवड्यातील अष्टमी-चतुर्दशीच्या तारखा तक्त्यात लाल शाईने लिहिल्या. वहिनींच्या उपवासाच्या दिवशी लांबचा पल्ला नाही.

आता मार्ग. सहा देशांपैकी इटली आणि नेदरलँड्स काढून टाकले. उरलेली वाट वर्तुळाकार ठेवली: अँटवर्प, बॉन, स्ट्रासबर्ग, इंटरलाकेन, पॅरिस आणि पुन्हा अँटवर्प. एकूण सुमारे १,९०० किलोमीटर. गाडी जिथून घेतली तिथेच परत केली, तर दुसऱ्या शहरात सोडण्याचे जबर शुल्क वाचते. पॅरिस ते अँटवर्प हे अंतर साधारण मुंबई ते रत्नागिरी एवढेच आहे. वेळ मात्र निम्माच लागतो; याविषयी महामार्ग क्रमांक ६६ वरून जाणाऱ्या वाचकांना अधिक सांगायला नको.

ही गावे उगाच निवडली नाहीत. अँटवर्पच्या हिरेबाजारात पालनपूरच्या जैन व्यापाऱ्यांनी मोठे नाव कमावले आणि शहरालगत संगमरवरी जिनमंदिर उभारले. पंथभेद बाजूला ठेवून तिथे दर्शन घ्यायचे. वेळेची चौकशी मात्र आधी करावी. बॉनला सहसा कोणी भारतीय प्रवासी थांबत नाही. पण हर्मन याकोबी हे तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र व प्राचीन परंपरा आहे, हे १८७९ साली कल्पसूत्राच्या प्रस्तावनेत त्यांनी युरोपीय विद्वानांपुढे साधार मांडले. आचारांग आणि कल्पसूत्र यांचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८८४ साली आले. ऱ्हाईन नदीच्या काठच्या त्या गावी एक रात्र काढणे हे मी आपले ऋण समजतो. स्ट्रासबर्गला अर्न्स्ट लॉयमान होते. त्यांच्यामुळे तिथल्या राष्ट्रीय व विद्यापीठ ग्रंथालयात दिगंबर हस्तलिखितांचा मोठा संग्रह जमला. पुतण्याला यात फारसा रस नाही. त्याचे लक्ष इंटरलाकेनच्या हिमशिखरांकडे आहे, आणि तेही रास्तच आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि ज्या देशात सर्वाधिक रात्री मुक्काम त्या देशाकडे करायचा असतो. आमच्या तक्त्यात फ्रान्सच्या सहा रात्री, बेल्जियमच्या चार, स्वित्झर्लंडच्या तीन व जर्मनीची एक. म्हणून विमान ब्रुसेल्सला उतरत असले तरी अर्ज फ्रान्सकडे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतून मिळतो व वर्षभर चालतो, पण मूळ परवानाही जवळ हवाच.

गाडी घेताना चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड मागतात. डेबिट कार्ड बहुधा चालत नाही. अनामत म्हणून कार्डावरची मोठी रक्कम रोखून धरतात, तेव्हा मर्यादा आधी वाढवून घ्यावी आणि खर्चासाठी दुसरे कार्ड ठेवावे. दुकानातील यंत्र ‘रुपयांत द्यायचे की युरोत?’ असे विचारते तेव्हा युरो निवडावे. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो. त्यात पदरचे पैसे जातात.

गाडी उजव्या बाजूने चालवायची. गीअरची गाडी सवयीची असली तरी तिथे ऑटोमॅटिक मागावी. डाव्या आसनावर बसून उजव्या हाताने गीअर टाकणे पहिल्याच दिवशी नको. फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी लागते, हा नियम आपल्याला अगदी अपरिचित. फ्रान्समध्ये पंपावर ‘गाझोल’ लिहिलेले असते ते डिझेल. ते पेट्रोल समजून भरले, तर सहल तिथेच संपते. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचा वार्षिक पास घ्यावा लागतो. जर्मनी व स्वित्झर्लंडमध्ये १२ वर्षांखालील, १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना विशेष आसन सक्तीचे आहे. दोन नातवंडांसाठी ते आधीच मागवले. आणि पॅरिसमध्ये गाडी मुक्कामी उभी करून मेट्रोने फिरावे, असा माझा आग्रह आहे.

शिदोरीच्या बाबतीत मात्र आमची फजिती झाली. तूप, पेढे व खव्याची बर्फी यांची यादी तयार होती. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. हापूसही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. २०१४ साली फळमाशीमुळे त्यांनी भारतीय आंब्याची आयातच थांबवली होती, ती जानेवारी २०१५मध्ये पुन्हा सुरू झाली. गंमत अशी की प्रमाणपत्राविना चालणाऱ्या मोजक्या फळांत नारळ आहे. तेव्हा आंब्याच्या गावचे आम्ही नारळ नेणार! डाळ, तांदूळ, मेतकूट न्यायला हरकत नाही. लोणी तिथे उत्तम मिळते. वहिनी तिथेच तूप कढवतील.

म्हणूनच हॉटेले रद्द करून स्वयंपाकघर असलेली घरे घेतली. तिथे बहुधा इंडक्शनची शेगडी असते आणि ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा कुकर न्यावा. बाहेर खाताना बटाटा-कांद्यापुरते सावध राहून भागत नाही. ग्रुयेर व पार्मेजान ही चीज वासराच्या जठरातील रेनेट घालून करतात, आणि वाढणारा मनुष्य ते शाकाहारी म्हणून पुढे ठेवतो. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. बॉनचा मुक्काम त्यासाठी एक दिवस पुढे सरकवला.

नवा तक्ता आता चौदा रात्रींचा आहे. खर्च वाढला, देश कमी झाले, म्हणून पुतण्या थोडा खट्टू आहे. एका दिवशी घाटात वाहतूक अडकली आणि मुक्कामी पोहोचायला उशीर झाला तर काय, हा त्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर वहिनींनीच दिले. गाडीत पुढच्या आसनाखाली एक पिशवी राहील: दशम्या, चटणी, पाणी गाळायचे फडके आणि थर्मास. व्हिसाची तारीख मिळवण्यासाठी तो आता रोज सकाळी संगणकापुढे बसतो. दुकानाच्या किल्ल्या त्या पंधरा दिवसांत कोणाकडे द्यायच्या, हे बंधूंनी अजून सांगितलेले नाही.